तोंडी गुणाकार: मधले आकडे डोक्यातून निसटतात, तिथे काय करायचं?

गुणाकार_गुंता (धागाकर्ता)

दोन अंकी गुणिले एक अंकी तोंडी होतं. पाढे तीसपर्यंत पाठ आहेत. पण ३४७ × ६२८ असं काही आलं की पहिला तुकडा नीट निघतो आणि दुसरा काढेपर्यंत पहिला गायब. पहिला पुन्हा काढायला गेलं की दुसरा गायब.

इथे पद्धत चुकते की सराव कमी पडतो? भराभर करणारी माणसं नेमकं काय डोक्यात धरतात आणि काय सोडून देतात? पायऱ्या आकड्यांसकट सांगा. ‘मुळात डोकंच तल्लख लागतं’ हे उत्तर कृपया नको.

हातचा_एक

पद्धत चुकते. शाळेतली उभी मांडणी कागदासाठी आहे. आठवण ठेवायचं काम तिथे कागद करतो. तीच मांडणी डोक्यात करायला गेलात तर २७७६, ६९४० आणि २०८२०० अशा तीन ओळी, म्हणजे चौदा अंक धरून ठेवायचे आणि मग त्यांची बेरीज. मानसशास्त्रज्ञ मिलरने १९५६ मध्ये एका वेळी लक्षात राहणाऱ्या गोष्टी ‘सात, दोन इकडे-तिकडे’ म्हटल्या होत्या, कोवनने २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. चौदा अंक निसटणारच.

तिरका गुणाकार करा. उत्तराचा एकेक अंक उजवीकडून पक्का करत जायचं:

एकक: ७×८ = ५६. ६ लिहा, हातचा ५.
दशक: ४×८ + ७×२ = ३२ + १४ = ४६, हातचा मिळवून ५१. १ लिहा, हातचा ५.
शतक: ३×८ + ४×२ + ७×६ = २४ + ८ + ४२ = ७४, अधिक ५ म्हणजे ७९. ९ लिहा, हातचा ७.
हजार: ३×२ + ४×६ = ३०, अधिक ७ म्हणजे ३७. ७ लिहा, हातचा ३.
शेवटी ३×६ = १८, अधिक ३ म्हणजे २१.

उत्तर २१७९१६. कुठल्याही क्षणी डोक्यात फक्त दोन गोष्टी आहेत: चालू बेरीज आणि आपण कुठल्या घरात आहोत ते. एक बारकावा: हातचा शेवटी मिळवू नका, घर सुरू करतानाच त्यावरून सुरुवात करा. म्हणजे शतकाच्या घरात ‘५, २९, ३७, ७९’. हातचा वेगळा सांभाळायची भानगडच राहत नाही.

तिरकस

+१. मेंटल कॅल्क्युलेशन वर्ल्ड कप ही स्पर्धा २००४ पासून होते. त्यात आठ अंकी गुणिले आठ अंकी असतं आणि उत्तराशिवाय कागदावर काहीही लिहायचं नाही. तिथेही हेच तंत्र चालतं, फक्त घरं वाढतात. सगळ्यात मधल्या घरात आठ गुणाकारांची बेरीज, म्हणजे सगळे ९ आले तर ६४८, वर हातचा. काम लांबतं, पण एका वेळी धरायचं ओझं जवळपास तेवढंच राहतं.

डावीकडून

तिरका गुणाकार उत्तम, पण एक अट लपलेली आहे: प्रश्न समोर दिसला पाहिजे आणि उत्तराचे अंक लिहायची मुभा पाहिजे. प्रश्न कोणी तोंडाने सांगितला आणि उत्तरही तोंडाने द्यायचं असेल, तर ६, १, ९, ७, २१ असे उलटे आलेले अंक धरून पुन्हा उलटे करून बोलावे लागतात. तिथे डावीकडून उजवीकडे जाणंच बरं.

३४७ × ६२८: आधी ३४७ × ६ = २०८२, म्हणजे २०८२००. हे ‘दोनशे आठ हजार दोनशे’ असं एकदा मनात म्हणा. ‘दोन लाख आठ हजार दोनशे’ म्हणण्यापेक्षा एक तुकडा कमी होतो. मग ३४७ × २८ हे ३० पट वजा २ पट: १०४१० − ६९४ = ९७१६. आता बेरीज: २१७९१६.

निसटतं ते १०४१० − ६९४ करताना. कारण तेव्हा २०८२०० मागे ठेवून दुसरी दोन आकड्यांची वजाबाकी चालू असते. म्हणून ती वजाबाकी अंकाअंकाने करू नका: १०४१० वजा ७०० म्हणजे ९७१०, अधिक ६. दोन उड्या, हातचा नाही.

बेरीज-वजाबाकीत ही सवय सगळीकडे लावा. ४७८६ + ३९५८ म्हणजे ८७८६ वजा ४२, ८७४४.

गुणाकार_गुंता

डावीकडून करताना ६८ × ७ ला सुद्धा अडखळायला होतं. ‘अडुसष्ट’ म्हटलं की आधी ८ समोर येतो.

डावीकडून

बरोबर पकडलंत. आपली संख्यानामं एकक आधी सांगतात: अडु-सष्ट, सत्ता-वीस. डावीकडून जाताना हवा असतो दशक आधी. जर्मनमध्येही असंच उलटं आहे, तिथेही हीच अडचण. दोन उपाय. एक, मनात ‘सहा-आठ’ असं अंकांनी म्हणायचं आणि फक्त शेवटचं उत्तर शब्दात सांगायचं. दुसरा, काहीच न म्हणता आकडा नुसता ‘बघायचा’. ६८ × ७ म्हणजे ४२०, ५६, ४७६. मधे ‘सात सक्कं बेचाळीस, सात अठ्ठे छप्पन्न’ असं अख्खं म्हणत बसलात तर वेळ तिथेच जातो. उत्तराचाच आवाज मनात यायला हवा.

उलट ‘एकोण’वाली नावं फुकटची मदत आहेत. ५९ला आपण एकोणसाठ म्हणतो, पद्धत नावातच आहे: ५९ × ७ म्हणजे ४२० वजा ७, ४१३. एकोणतीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळ्यांना हेच. नव्याण्णव तेवढं फटकून आहे, पण तिथे १०० दिसतातच.

शून्यलब्धी

वरच्या दोन्हींपेक्षा हलका रस्ता आहे, फक्त तो दर वेळी मिळत नाही: अवयव पाडा. ३४७ × ६३ आलं तर ६० आणि ३ असे तुकडे करू नका. ९ आणि ७ करा. ३४७ × ९ = ३१२३, ३१२३ × ७ = २१८६१. फरक लक्षात घ्या: ६० आणि ३ केलं की पहिला गुणाकार सांभाळून दुसरा करावा लागतो. ९ आणि ७ केलं की पहिल्याचं काम संपतं, तो विसरला तरी चालतो. एका वेळी एकच आकडा जिवंत.

म्हणून प्रश्न दिसला की पहिला सेकंद अवयव शोधण्यात घालवावा. २४, ३६, ४२, ५६, ६३, ७२, ८१ यांचे तुकडे लगेच पडतात. ६२८ = ४ × १५७, इथे मात्र १५७ ही मूळ संख्या असल्याने काही हाती लागत नाही. सोडून द्या, तिरका करा.

दुसरं हत्यार वर्गांचं. दोन संख्यांचा मध्य सोपा असेल तर मध्याच्या वर्गातून अर्ध्या फरकाचा वर्ग वजा: ४७ × ५३ = २५०० − ९ = २४९१. हेच उलटं वापरून वर्ग: ६८² = ७० × ६६ + ४ = ४६२४. ३४७² = ३५० × ३४४ + ९ = १२०४०९.

पन्नासच्या आसपासचे वर्ग तर दिसता क्षणी येतात. ४३ हा पन्नासला ७ कमी; २५ वजा ७ = १८, पुढे ७चा वर्ग ४९: १८४९. नवीन माणूस चुकतो तो ३७ला. १३ कमी, २५ − १३ = १२, १३चा वर्ग १६९, आणि उत्तर लिहिलं जातं १२१६९! मागच्या भागाला दोनच घरं आहेत, शंभर पुढे सरकवायचे: १३६९.

वेदांग

हे सगळं वैदिक गणितात आहे. शंभराजवळचे गुणाकार सुद्धा: ८८ × ९३, तुटी १२ आणि ७, ८८ − ७ = ८१, १२ × ७ = ८४, उत्तर ८१८४.

शून्यलब्धी

नावावरून वाद नको, (१०० − अ)(१०० − ब) उलगडलं की तेच येतं. मर्यादा सांगतो, कारण तीच सहसा सांगितली जात नाही. ७८ × ८३ ला ही युक्ती लावा: तुटी २२ आणि १७, आता २२ × १७ = ३७४ काढा, मग ६१ पुढे ३७४ म्हणजे ६४७४. एका दोन अंकी गुणाकारासाठी दुसरा दोन अंकी गुणाकार! तुटींचा गुणाकार पाढ्यात बसत असेल तरच ती वापरावी. युक्त्या चाळीस शिकून कुठली लावायची यावर दोन सेकंद घालवण्यापेक्षा चार पक्क्या असलेल्या बऱ्या.

मणीमाळ

अबॅकसवाल्यांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते. वर चाललेलं सगळं आकड्यांच्या नावांवर किंवा अंकांवर आहे. मनातल्या अबॅकसवर हिशोब करणारे आकडा म्हणतच नाहीत, मणी हलवतात.

जपानी सोरोबानच्या प्रत्येक काठीवर वर एक मणी पाचचा, खाली चार मणी एकेकाचे. ७ म्हणजे वरचा एक, खालचे दोन. त्यात ६ मिळवायचे तर ‘तेरा’ हा विचारच नाही: डावीकडच्या काठीवर एक चढवा, या काठीवरून ४ काढा. पण खाली दोनच मणी आहेत, मग पाचचा मणी काढा आणि खालचा एक चढवा. उरले ३. दहाची पूरक जोडी (६ आणि ४), पाचची पूरक जोडी (४ आणि १), दोन्ही बोटांत बसलेल्या. सगळी गती या जोड्यांची आहे.

क्रम असा: आधी खरी पाटी, मग पाटीशिवाय हवेत बोटं, मग बोटंही बंद. मधली पायरी घाईत उडवली की चित्र धूसर होतं आणि मूल गुपचूप बोटं मोजायला लागतं. उत्तरं बरोबर येतात, पण वेग एका ठिकाणी अडकतो. ओळखायची खूण: +१ आणि +९ ला लागणारा वेळ बघा. मणी हलवणाऱ्याला दोन्हीला जवळपास सारखा लागतो, मोजणाऱ्याला ९ला कितीतरी जास्त.

फ्रँक आणि बार्नर या संशोधकांनी २०१२ मध्ये असे हिशोब करणारे तपासले. मनातल्या चित्रात तीन-चार काठ्यांपलीकडे अचूकता ढासळते, म्हणजे वर म्हटलेली चारची मर्यादा इथेही आहेच. फक्त एका गोष्टीत एक अंक न मावता अख्खी काठी मावते. आणि हिशोब चालू असताना तोंडाला दुसरं बोलण्याचं काम दिलं तरी त्यांचं तितकंसं बिघडत नाही.

बाकी_शून्य

पण यातून स्मरणशक्ती, एकाग्रता, सगळंच वाढतं असं सांगतात, ते?

मणीमाळ

नाही. बार्नर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीन वर्षांच्या प्रयोगात मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. अबॅकसच्या गटाचं अंकगणित सुधारलं. एकूण आकलनशक्तीत मात्र फरक दिसला नाही. उलट जागेची आठवण आधीपासून चांगली असलेल्या मुलांना अबॅकसचा फायदा जास्त झाला. हिशोबासाठी शिका, बाकी आश्वासनं सोडून द्या.

अवांतर

तल्लख डोक्याचा विषय निघालाच आहे म्हणून. शकुंतला देवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. नंतर मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सनने त्यांची चाचणी घेतली आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले: साध्या प्रतिक्रियेच्या चाचण्यांत, म्हणजे दिवा लागला की बटण दाबा वगैरे, त्यांचा वेग काही विलक्षण नव्हता. आकड्यांतच होता. २००१ मध्ये रूडिगर गाम या जर्मन गणकाच्या मेंदूची चित्रं घेतली तेव्हा दीर्घकालीन आठवणीशी निगडित भाग कामात दिसले, जे साध्या माणसांत हिशोब करताना तसे दिसत नाहीत. मधले आकडे तो तात्पुरत्या पाटीवर ठेवतच नव्हता, सरळ गोदामात टाकत होता.

आणि ऐकून की पाहून, हा वादही जुना. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या १८९४च्या पुस्तकात दोन गणक आहेत: इनोदी आकडे ऐकून धरायचा, डायमंडी पाहून. जमायचं दोघांनाही.

तिरकस

मोठ्या मुळांच्या कहाण्याही याच नजरेने बघा. १९७७ मध्ये शकुंतला देवींनी २०१ अंकी संख्येचं तेविसावं मूळ काढलं. संख्या अवाढव्य, पण उत्तर नऊच अंकी, आणि ते पूर्ण येणार हे आधीच माहीत. सुरुवातीचे अंक लॉगवरून, शेवटचे अंक शेवटच्या अंकांवरून. पराक्रम आहेच, फक्त २०१ अंकांशी झुंज नाही.

छोटा नमुना: १८५१९३ हा पूर्ण घन आहे असं सांगितलं. शेवटी ३, आणि घनाच्या शेवटी ३ फक्त ७च्या घनाने येतो. शेवटचे तीन अंक सोडले की १८५, तो १२५ आणि २१६च्या मधे, म्हणून ५. उत्तर ५७. संख्या पूर्ण घन नसेल तर हीच पद्धत तितक्याच आत्मविश्वासाने भलतं उत्तर देते.

हातचा_एक

वर्गमूळ पूर्ण नसेल तेव्हा खरी मजा. वर्ल्ड कपमध्ये सहा अंकी संख्येचं मूळ आठ सार्थ अंकांपर्यंत मागतात. ५३१२०७ घ्या. ७२९² = ५३१४४१, म्हणजे २३४ जास्त झाले. भागा १४५८ने (७२९ची दुप्पट): ०.१६०४९४. वजा केले की ७२८.८३९५१. इथे थांबणारे शेवटच्या दोन अंकांत फसतात. त्या ०.१६०४९४चा वर्ग पुन्हा १४५८ने भागा, ०.००००१८ येतो, तोही वजा: ७२८.८३९४९. दुसरी दुरुस्ती नेहमी वजाच होते, पहिली अधिक असो की वजा. हे न कळल्यामुळे कित्येक जण ती मिळवून बसतात.

शून्यलब्धी

भागाकाराचा एक सुंदर प्रकार राहिला. ४/४७ दशांशात हवं. ४७ने भागत बसू नका, वर-खाली १७ने गुणा: ६८/७९९. आता ८००ने भागणं सोपं, आणि ७९९चा फरक नंतर भरून काढायचा: ०.०८५, त्याला पुन्हा ८००ने भागून मिळवा ०.०००१०६२५, त्यालाही ८००ने भागून ०.००००००१३२८. बेरीज ०.०८५१०६३८२८. दर फेरीला जवळपास तीन अंक पक्के. भाजकाची कुठली पट १०० किंवा ८०० सारख्या संख्येला एकने हुकते हे शोधणं हीच सगळी कला: १७ची ५१, २३ची ६९, ३७ची १११, ४३ची १२९.

गुणाकार_गुंता

वाचनखूण साठवली. सराव कसा करावा? आणि तारखेवरून वार हा प्रकार यातच येतो का?

हातचा_एक

वार हा वेगळा प्रकार, तिथे गुणाकार नाहीच, सातने भागून बाकी. गणितज्ञ कॉनवेच्या पद्धतीत प्रत्येक वर्षाचा एक खुणेचा वार असतो आणि ४/४, ६/६, ८/८, १०/१०, १२/१२ या तारखा त्या वारी येतात. स्पर्धेत उतरणारे शंभर वर्षांचे आकडे सरळ पाठच करतात. चुका बहुतेक लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत.

सराव: रोज दहा मिनिटं पुरेत, पण एका बैठकीत एकच प्रकार. १० ते ९९ गुणिले २ ते ९ असे ७२० प्रश्न होतात. हे न अडखळता आल्याशिवाय तीन अंकी गुणाकाराकडे जाऊ नका, कारण तिथला प्रत्येक अडखळा मधला आकडा खातो. मग १ ते १०० वर्ग. मग तिरका, आधी दोन अंकी.

चुकांची वही ठेवा, चार रकाने: पाढा, हातचा, घर, विसर. पाढ्यातली चूक बहुधा शेजारून येते, ७×८ला ५४ किंवा ६३. तीच जोडी तीनदा चुकली तर अख्खा पाढा म्हणू नका, ती एकटी जोडी घोका. पाढा पहिल्यापासून म्हणत उत्तरापर्यंत जायची सवय ही वेगाची सगळ्यात मोठी वैरीण.

बाकी_शून्य

आणि पडताळा? त्याशिवाय सराव म्हणजे चुकाच पक्क्या करणं. नऊची बाकी आणि अकराची बाकी, दोन्ही.

३४७: अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. ६२८: १६, म्हणजे ७. ५ × ७ = ३५, म्हणजे ८. उत्तर २१७९१६: बेरीज २६, म्हणजे ८. जमलं.

अकराला उजवीकडून एक आड एक अधिक-वजा. ३४७: ७ − ४ + ३ = ६. ६२८: ८ − २ + ६ = १२, म्हणजे १. गुणाकार ६. उत्तर: ६ − १ + ९ − ७ + १ − २ = ६. जमलं.

दोन्ही का? अंकांची अदलाबदल नऊला दिसत नाही. तुकडा एक घर चुकीच्या जागी मांडला तरी दिसत नाही, कारण दहाने गुणल्याने नऊची बाकी बदलत नाही. अकरा शेजारच्या अदलाबदलीला पकडतो, घर चुकलेलंही बहुतेक वेळा पकडतो. कशीही आलेली चूक नऊतून नवात एकदा सुटते, दोन्हींतून सुटायची शक्यता नव्याण्णवात एक.

गुणाकार_गुंता

लगेच करून बघितलं. ४८६ × ७३९, तिरका, उत्तर ३४९१५४. नऊची बाकी जुळत नाही. ४८६ची ०, म्हणजे उत्तराची ० हवी, येते ८. पण चूक सापडत नाही.

बाकी_शून्य

बाकीच सांगेल. नऊने ० हवी होती, आली ८, म्हणजे एक कमी. आता अकरा: ४८६ची २, ७३९ची २, गुणाकार ४ हवा. तुमच्या उत्तराची: ४ − ५ + १ − ९ + ४ − ३ = −८, म्हणजे ३. इथेही एक कमी. दोन्हीकडे एक कमी, तर बहुधा एकच हातचा गळालाय, आणि तो एकक, शतक किंवा दशहजाराच्या घरात. दशक किंवा हजारात गळाला असता तर अकराची बाकी एकने जास्त आली असती. शतकाच्या घराची बेरीज पुन्हा करा: ९, मग ३६, २४, ४२.

गुणाकार_गुंता

१११. हातचा ११, मी १ धरला. हजारात ७९ ऐवजी ६९ झाले आणि पुढे ३५चे ३४. उत्तर ३५९१५४.

हातचा_एक

वहीत ‘हातचा’च्या रकान्यात टाका. तीन अंकी गुणाकारात दोन अंकी हातचा फक्त दशक, शतक आणि हजाराच्या घरातूनच येऊ शकतो. तेवढ्या तीन घरांनंतर अर्धा क्षण थांबलात तरी पुरे.